खालची बाजू कुठली?

लातूर

एसटीतून उतरले तेव्हा स्टँडाजवळच्या एका सरकारी कचेरीवर पाटी रंगवायचं काम चाललं होतं. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा जिल्हा झाला होता. रंगाऱ्याने जुन्या नावावर पांढरा रंग फासला होता, तरी खालची अक्षरं पुसट दिसत होती. मी थांबून बघते आहे असं पाहून तो शिडीवरूनच म्हणाला, "तिसरा हात देऊन राहिलो बाई, तरी खालचं नाव वर येऊन राहिलं."

मी मडगावची. लहानपणी लिसेव या सरकारी शाळेत पोर्तुगीज शिकले, पुढे पोर्तुगीजांचं राज्य गेलं आणि ती भाषा मी कपाटात ठेवलेल्या जरीच्या साडीसारखी क्वचित बाहेर काढत राहिले. ती अशी कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. पोर्तुगालची एक जिम्नॅस्ट, बरीच वर्षं आपल्या देशातर्फे परदेशी स्पर्धा खेळलेली, लातूरला मुलींच्या शिबिरात शिकवायला येणार होती आणि तिला दुभाषी हवी होती. ओळखीच्यांतून माझं नाव निघालं. मी हो म्हटलं, ते मुख्यतः मराठवाडा पाहिलेला नव्हता म्हणून.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमच्याकडे उन्हाळ्यातही विहिरीत डोकावलं की आपलं तोंड दिसतं. इथे नळ म्हणजे भिंतीतून आलेला नुसता लोखंडी पाइप. शिबिराच्या वसतिगृहात टँकर दोन दिवसांआड यायचा. पहिल्या रात्री शिबिराचे प्रमुख जाधव सर सांगून गेले, "सकाळी सुशीला मिळेल." मी समजले, कामाला बाई येणार. सकाळी आवरून वाट बघत बसले, तर समोर आली चुरमुऱ्यांची, शेंगदाण्याचं कूट घातलेली बशी. तिचंच नाव सुशीला. इनेश इतकी हसली की तिला ठसका लागला.

इनेश म्हणजे ती जिम्नॅस्ट. तिशीची, बुटकी, रुंद खांद्यांची, सेतुबाल नावाच्या मासेमारीच्या गावातली. आल्या दिवशीच मला तिची एक लकब दिसली. पायरी उतरताना, उंबरा ओलांडताना, अगदी सपाट फरशीवरही, ती पाय टेकवण्याआधी क्षणभर अधांतरी धरायची आणि बोटांनी जमीन चाचपून मगच भार टाकायची. आंधळं माणूस चालतं तशी. डोळे मात्र टक्क उघडे.

मुलींमध्ये एक सुजाता कांबळे होती. तेरा वर्षांची, जळकोटच्या पलीकडच्या गावातली. जमिनीवर ती इतर मुलींसारखीच होती, पण बीमवर चढली की सगळ्यांचं बोलणं थांबायचं. बीम म्हणजे हाताच्या पंजाएवढी रुंद, छातीएवढ्या उंचीवर बसवलेली लाकडी पट्टी. मुली तिच्यावर थरथरत चालायच्या. सुजाता डोळे मिटून चालायची. इनेशने तिला उघडे ठेवायला सांगितलं तर म्हणाली, "उघडले की खाली दिसतंय म्याडम. मग ध्यान जातंय."

ते भाषांतर ऐकून इनेशने मला तेच वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आठवड्याभरात टँकर येणं बंद झालं आणि शिबिर गुंडाळावं लागलं. मुली घरी गेल्या. मराठवाड्याच्या संघाची निवड नांदेडला व्हायची होती, आणि सुजाता तिथे आलीच पाहिजे असा हट्ट इनेशने धरला. जाधव सर म्हणाले, "बाप पाठवतो का नाही, कुणास ठाऊक. या दिवसांत घरातले सगळे हात कामावर लागतात. तुम्ही स्वतः जाऊन बोललात तर ऐकतील." त्यांनी एक जीप आणि रज्जाकभाई नावाचे ड्रायव्हर दिले. गावावरून तसंच नांदेडला जायचं ठरलं.

रेणापूरच्या पुढे

रेणापूरला एका खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. जेवण ताटभर वाढलं आणि पाणी मात्र मालकाने स्वतः तांब्यातून पेल्यात ओतलं, धार तोडून. पेला भरला नाही. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी आणि मग बाकीचं. इथेही तीच रीत असणार, कारण त्या माणसाचे डोळे आमच्याकडे वर होत नव्हते.

पुढे रस्ता मोकळा होता. दोन्हीकडची काळी जमीन तडकून तिच्या फरश्या झालेल्या. कुठे पाखरू नाही. गुरं नाहीत, छावणीला गेलेली. एका माळावर पन्नासएक माणसं रांगेत बसून दगड फोडत होती, रोजगार हमीचं काम, पण वारा उलटा असल्यामुळे हातोडे वर जाताना, खाली येताना दिसत होते आणि आवाज येत नव्हता. इनेश मान वळवून ते बघत राहिली आणि मग आपणहून बोलू लागली.

तिच्या गावच्या कोळ्यांच्या क्लबात एक हॉल होता. तिथे सार्डिन माशांच्या वासात ती शिकली. पंधराव्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर स्पर्धेला गेली आणि शेवटून पहिली आली. लहान देशांच्या मुलींना सकाळच्या तुकडीत खेळवत, त्या वेळी खुर्च्या रिकाम्या असत आणि सफाईवाले झाडत असत. तरी ती जात राहिली. दरवर्षी चार-पाच जणींना मागे टाकत वर सरकली. शेवटी एकदा, एका बर्फाळ शहरात, तिला संध्याकाळच्या तुकडीत जागा मिळाली. हॉल भरलेला. बीमची पाळी.

"मी मागे उडी घेतली," ती म्हणाली. "उलटी झाले. आणि हवेत असतानाच खालची बाजू हरवली."

"हरवली म्हणजे?"

"म्हणजे कळेना, कुठली बाजू खाली आहे. दिवे वर आहेत की खाली. किती वेळ गेला माहीत नाही. नंतर टाळ्या ऐकू आल्या. बघते तर मी गादीवर उभी, हात वर केलेले. बीमवरचं बाकीचं सगळं झालं होतं, उतरणंही. त्यातलं मला काही आठवत नाही. आणि शोभना, तेवढे गुण मला आयुष्यात कधीच मिळाले नव्हते."

रज्जाकभाईंना त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी त्यांनी आरशातून मागे बघितलं.

"त्यानंतर दोन वर्षं खेळले," ती पुढे म्हणाली. "दर वेळी तसंच व्हायचं. मी हरवायचे, आणि कोणीतरी माझं सगळं नीट करून मला परत गादीवर उभं करायचं. लोक म्हणायचे, सुधारली. मग मी सोडलं. बीमवर चढून आता सात वर्षं झाली. पण जमीन अजून मला जरा खालीच वाटते. पाय टेकतो त्याच्याही खाली."

जळकोटच्या पलीकडे

सुजाताचं गाव एका तलावाच्या काठी, उंचवट्यावर होतं. आम्ही दुपारी पोचलो. बाजारचा दिवस होता, कामाला सुट्टी, तरी गल्ल्यांत कोणी नव्हतं. दारं उघडी, चुली थंड, दोरीवर लुगडी वाळत घातलेली. मी दोन-तीनदा हाक मारली. शेवटी एका ओट्यावर निजलेला म्हातारा उठून बसला.

"सगळे जुन्या गावात गेलेत," तो म्हणाला.

"कुठे आहे जुनं गाव?"

त्याने तलावाकडे हात केला.

काठावर आलो तेव्हा मला पहिल्यांदा काही उमजेना. तलावात पाण्याचा थेंब नव्हता. मधोमध, तडकलेल्या गाळात, गुडघ्याएवढ्या भिंतींचं एक गाव पसरलं होतं. गल्ल्या होत्या, चौकोनी खोल्या होत्या, एका देवळाचं जोतं होतं. तलाव बांधला तेव्हा बुडालेलं गाव, या दुष्काळात वर आलेलं. आणि त्या खोल्यांत माणसं बसली होती. छप्पर नाही, दार नाही, डोक्यावर भर दुपारचं ऊन, आणि प्रत्येक कुटुंब आपापल्या घरात बसलेलं. कोणी निवडत होतं, कोणी वेणी घालत होतं. एक माणूस दिसत नसलेल्या भिंतीकडे पाठ करून झोपला होता. मोठ्याने कोणी बोलत नव्हतं.

"या अल्ला," रज्जाकभाई म्हणाले आणि जीपपाशीच थांबले.

गावाच्या अगदी टोकाला, बाकीच्या घरांपासून लांब, कांबळ्यांचं घर होतं. सुजाताची आजी धुरपताबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवत होती. आम्ही भिंतीचा पडका भाग ओलांडून आत जाणार, तोच ती म्हणाली, "तिकडून नगं माय. ती भिंत हाय. दारातून या. अन् चपला भाईर काढा."

आम्ही वळसा घालून दारातून आत गेलो. तापलेल्या गाळावर पाय भाजत होते. इनेशने बोटांनी जमीन चाचपली आणि मग माझ्याकडे बघितलं. जमीन खरोखरच तिथे नव्हती, बारीक धूळ होती, पाय घोट्यापर्यंत आत गेला.

सुजाताची आई गयाबाई आणि वडील किसन तिथेच होते. "जयभीम," म्हणून त्यांनी गोणपाट अंथरलं. चहा बकरीच्या दुधाचा होता. मी विचारलं, "रोज येता इथे?"

"दिस मोकळा असला की येतो," धुरपताबाई म्हणाली. "माझी तीन लेकरं या चुलीपाशी झाली. लगीन झालं ते हितंच. पाणी चढलं तवा एका रातीत निघालो बाई, घर नीट बघायलाबी गावलं न्हाई. आता बघून घेते."

"भीती नाही वाटत?"

"आपल्याच घराची?"

सुजाता कुठे दिसत नव्हती. विचारलं तर किसनने हनुवटीनेच दाखवलं, "ती काय, इहिरीवर."

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी दगडी विहीर होती. गाळ काढून खाली पाणी लागतं का बघावं म्हणून लोकांनी तिच्यावर एका जुन्या घराची सागवानी तुळई आडवी टाकली होती, दोर सोडायला. पाणी लागलं नव्हतं. तुळई तशीच राहिली होती. तिच्यावर, बरोबर मध्यावर, सुजाता उभी होती. हात पसरलेले, डोळे मिटलेले.

"त्या इहिरीचं पाणी आमाला नव्हतं," धुरपताबाई चहात फुंकर घालत म्हणाली. "घागर घिऊन लांब उभं ऱ्हायचं. कुणी वाढलं तर घ्यायचं. आता आमची पोरगी वर चालून ऱ्हायली तरी कुणी काय म्हणत न्हाई."

इनेश मात्र उठली होती. ती सुजाताकडे टक लावून बघत होती. मलाही मग कळलं की मुलगी चालत नव्हती. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

आम्ही विहिरीच्या काठावर पोचलो तेव्हा मी आत बघितलं आणि मागे सरले. भर दुपार असून तळ दिसत नव्हता. अर्ध्यावर ऊन संपलं होतं.

"सुजाता," मी हळूच म्हटलं. "म्याडम आल्यात तुला भेटायला. ये बघू इकडे."

तिने मान हलवली नाही. ओठ तेवढे हलले.

"बाई, खालची बाजू कुठली हाय?"

जीपमधलं बोलणं पोर्तुगीजमध्ये झालं होतं. ही मुलगी तिथे नव्हती, आणि असती तरी तिला ते कळलं नसतं. इनेशने माझा दंड धरला. "काय म्हणाली? शोभना, काय म्हणाली ती?"

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं.

मग इनेशने मला एकेक वाक्य सांगायला सुरुवात केली आणि मी ते मराठीत करून सुजाताला देत गेले. डोळे उघडू नकोस. पायाच्या अंगठ्याने लाकूड दाब. दाबलंस? आता गुडघे वाक. हळू. खाली बस. पण मुलीच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या होत्या आणि ती म्हणत होती, "बसू कुठं? कुणीकडं बसू?"

किसन धावत आला आणि तुळईवर पाय टाकणार, तोच इनेशने त्याला छातीवर हात लावून अडवलं. पुरुषाच्या वजनाने तुळई हलली असती. तिने स्वतः काठावर बसून तुळई दोन्ही मांड्यांत धरली आणि हातांवर भार देत पुढे सरकू लागली. तिचे डोळे मिटलेले होते. ती पोर्तुगीजमध्ये काहीतरी पुटपुटत होती, ते मला ऐकू आलं नाही. विहिरीभोवती माणसं जमली होती. सगळं जुनं गाव आपापल्या घरांतून उठून आलं होतं.

मध्यावर पोचल्यावर इनेशने सुजाताच्या दोन्ही घोट्यांना हात लावला. मग पोटऱ्यांना. मग कमरेला धरून तिला आपल्या पुढ्यात खाली बसवलं, झोपलेल्या मुलाला बसवावं तसं. तशाच दोघी मागे मागे सरकत काठावर आल्या. गयाबाईने मुलीला ओढून घेतलं आणि दोन्ही हातांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले, मग तिला छातीशी धरून रडली.

इनेश जमिनीवर बसून होती. तळहातांत सागाच्या कुसळांनी रक्त आलं होतं. "हे मी आणलं," ती मला म्हणाली. "माझ्याबरोबर आलं हे. मी येण्याआधी ती कधी हरवली नव्हती."

मी तिला नाही म्हणायला हवं होतं. मी तिच्या तळहातांतली कुसळं काढायला लागले.

उन्हं कलल्यावर आम्ही पुन्हा कांबळ्यांच्या घरात बसलो. निवडीचं काय करायचं ते आता बोलायलाच हवं होतं. इनेश म्हणाली, "मी सांगते ते सगळं सांग. मऊ करू नकोस." आणि तिने आपली सगळी हकिगत त्या माणसांपुढे ठेवली. हॉल, टाळ्या, न आठवणारी कसरत, सात वर्षं. हे तुमच्या मुलीला परत होईल. उंचावर, हवेत असताना होईल. यावर मला इलाज माहीत नाही. मी तिला घेऊन जायला आले होते, आता पाठवा असं म्हणायची माझी हिंमत नाही.

मी ते तसंच मराठीत सांगितलं. किसन जमिनीकडे बघत होता. "मग ऱ्हाऊ द्या बाई," तो म्हणाला. "पोरगी जित्ती हाय तेवढं बास."

सुजाता आईच्या मांडीवरून उठली. "मला जायचंय."

"गप गं."

"न्हाई. मला सोताहून उतरायचंय. आज मी उतरलेच न्हाई, म्याडमनी उतरवलं."

गयाबाईने मला विचारलं, "या म्याडमला पैल्यांदा झालं तवा खाली कोण होतं त्यांचं?"

इनेश म्हणाली, "कोणी नाही. तिथे कोणाला येऊ देत नाहीत."

गयाबाईने पदर खोचला. "मग मी येते संगं," ती म्हणाली. "मी खाली ऱ्हाते. तिला इचारायचं झालं तर कुणीतरी पायजे ना सांगायला."

किसनने तिच्याकडे बघितलं. हमीचं काम, घरातली म्हातारी, सगळं त्याच्या तोंडावर आलं आणि गेलं. "जा," तो म्हणाला. आम्ही निघालो तेव्हा त्याने चुलीपाशी ठेवलेली एक घोंगडी, पेटीतून काढावी तशी जपून काढून बायकोच्या खांद्यावर टाकली.

नांदेड

दोन दिवसांनी नांदेडला निवड झाली. गोदावरीच्या पुलावरून येताना नदी म्हणजे वाळू आणि मधे एक काळी रेघ. गयाबाईने हात जोडले आणि म्हणाली, "हिचीबी तीच गत झाली का."

हॉलमध्ये पालकांनी बाहेर थांबायचं होतं. एका पंचांनी गयाबाईला तसं सांगितलं. ती 'हाव' म्हणाली आणि बीमच्या बाजूला, गादीच्या कडेला, मांडी घालून बसली. दुसरे आले, तिसरे आले. जाधव सरांनी मधे पडून काहीतरी समजावलं. ती जागची हलली नाही. शेवटी तिला तिथेच ठेवून निवड सुरू झाली.

सुजाताचं नाव पुकारलं. ती चढली, पहिली गिरकी घेतली, पाय उचलला, आणि मध्यावर थांबली. डोळे मिटलेले. विहिरीवर होती अगदी तशी. पंखे फिरत होते, बाहेर वाहता रस्ता होता, तरी त्या हॉलमध्ये काहीही ऐकू येईना. इनेशची नखं माझ्या मनगटात रुतली.

खालून गयाबाई म्हणाली, "हिकडं हाय मी."

मोठ्याने नाही. घरात लेकराला सांगतात तशी. सुजाताची मान जराशी तिच्याकडे झुकली. तिने मागे उडी घेतली, बीमवर पाय टेकले, एक हेलकावा खाल्ला, सावरली, शेवटी उलटी होऊन गादीवर उतरली. उतरताना एक पाऊल पुढे गेलं. डोळे उघडून तिने आधी आपल्या पायांकडे बघितलं.

संघात तिचं नाव शेवटी आलं, राखीव म्हणून. जाधव सर हिरमुसले, पण सुजाताने चप्पल न घालताच हॉलभर उड्या मारल्या. पुढे ती चार-पाच वर्षं खेळली, आता गावाजवळच्याच एका शाळेत मुलींना शिकवते. त्या पावसाळ्यात तलाव भरला, एवढंही मला नंतर कळलं.

त्या दिवशी मात्र हॉल रिकामा होत आला तरी गयाबाई बीमशेजारून उठेना. इनेश आणि मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती वर, त्या लाकडी पट्टीकडे बघत होती. तिचे दोन्ही तळवे गादीवर घट्ट दाबलेले होते, बोटं पांढरी पडलेली.

"बाई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी थांबली ना, तवा मी वर बघितलं. अन् मला कळंचना, ती वर हाय का मी. अजून बी कळंना."

इनेशने विचारलं, "काय म्हणाली?"

इतके दिवस मी त्या दोन भाषांमध्ये एक शब्द सांडू दिला नव्हता. मी इनेशच्या पायांकडे बघितलं. ती हॉलभर चालत आली होती, आणि कुठेही थांबून तिने जमीन चाचपली नव्हती.

"तहान लागली आहे तिला," मी म्हटलं. "पाणी मागते आहे."

इनेश लगेच उठली आणि पाणी शोधायला बाहेर गेली.